गोळ्यांची बाटली कुठे ठेवायची

संस्थेत स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवायला गेले तेव्हा सगळ्यात आधी पुढ्यात आला तो गोपनीयतेचा कागद. शिक्षण काय, वेळ किती देणार, गाडी चालवता येते का, हे सगळं नंतर. इथे जे ऐकेन, ज्याला बघेन, ज्याचं नाव कळेल, ते घरीदारी कुठेही बोलणार नाही, अशी आधी सही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. मी सांगली जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर एचआयव्हीचं काम धरलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या सहीमुळे या लिखाणात एकाही माणसाचं नाव येणार नाही, त्यांच्या गावांची नावं येणार नाहीत, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

संस्था जिल्ह्यातल्या पॉझिटिव्ह माणसांनीच उभी केलेली. दोन खोल्या, एक कुलपाचं कपाट, भिंतीला टेकवलेल्या घडीच्या खुर्च्या. बाहेरच्या पाटीवर एचआयव्ही लिहिलेलं नाही, एड्सही नाही. नुसतं संस्थेचं नाव. पत्ता विचारत येणाऱ्याला कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्यानं ‘ते एड्सवाल्यांचं होय?’ असं विचारू नये, एवढ्यासाठी.

आमच्या भागात हे काम जुनं आहे. मिरज मोठं जंक्शन, कर्नाटकची हद्द जवळ, ऊस, द्राक्षं, हळद, आणि त्यासाठी रात्रंदिवस पळणारे ट्रक. देशातले पहिले रुग्ण १९८६ साली चेन्नईत सापडले. १९९२ साली केंद्र सरकारनं ‘नॅको’, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, स्थापन केली आणि त्याच वर्षी सांगलीत ‘संग्राम’ या संस्थेनं धंदा करणाऱ्या बायकांच्या वस्तीत काम सुरू केलं. १९९६ साली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. वस्तीतल्या बायकाच एकमेकींना निरोध कसा वापरायचा, गिऱ्हाइकाला कसं राजी करायचं, हे शिकवू लागल्या. नव्वदच्या दशकापासून निरोध वाटत आलेल्या एक मावशी आमच्या प्रशिक्षणाला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “डाक्टर सांगून गेला की गिऱ्हाईक हसतंय. मी सांगितलं की गप ऐकतंय. कारण त्याचं सगळं बहाणं मला ठावं हायत.” प्रतिबंधाचं शिक्षण कुणी कुणाला द्यायचं, या प्रश्नावर मी नंतर बरंच वाचलं. मावशींच्या एवढ्या बोलण्यापलीकडे फारसं काही हाती लागलं नाही.

प्रशिक्षणातला शरीरशास्त्राचा भाग मला सोपा गेला. विषाणू सीडी-४ पेशींवर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवर, हल्ला करतो, त्या पेशी कमी होत गेल्या की क्षयासारखे आजार डोकं वर काढतात, आणि त्या अवस्थेला एड्स म्हणायचं. संसर्ग पसरतो तो रक्त, वीर्य, योनीतला स्राव आणि आईचं दूध यांतून. डास चावून, एका ताटात जेवून, मिठी मारून, एकच संडास वापरून पसरत नाही. हे मी वर्गात शिकवलेलंच होतं. शिकायचं होतं ते वेगळंच. पहिला नियम असा की ‘झाला कसा?’ हा प्रश्न विचारायचा नाही. डॉक्टरांना, समुपदेशकांना कामापुरता तो विचारावा लागतो. स्वयंसेवकाला त्याचं काहीच काम नसतं. आम्हाला जोड्या करून बसवलं आणि बोलण्याचा सराव घेतला, तेव्हा जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी तो प्रश्न चौथ्या-पाचव्या वाक्याला येत होता. आडवळणानं यायचा: ‘तुमचे मिस्टर बाहेरगावी असतात का?’ ‘कधी रक्त चढवलं होतं का?’ ऐकणाऱ्याला बरोबर कळतं की आपल्याला दोषी आणि निर्दोष यांपैकी कुठल्या रांगेत उभं करायचं ते चाललंय.

दुसरा नियम पाण्याचा. घरभेटीला गेल्यावर पुढे केलेलं पाणी प्यायचं, चहा दिला तर तोही घ्यायचा. समोरचा माणूस तुमच्या हाताकडे बघत असतो.

नंतर एका ताईंबरोबर गावोगाव फिरायला लागले. त्या संस्थेच्या फील्डवर्कर, स्वतः पॉझिटिव्ह. त्यांची स्कूटी, मागे मी. हातात यादी असायची ती सुटलेल्यांची, म्हणजे एआरटी केंद्रातून (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रातून) औषध सुरू झालं पण पुढे यायचे बंद झालेले रुग्ण. केंद्रातून फोन जातो, नंबर बंद लागतो किंवा कुणीतरी दुसरंच उचलतं. मग घरी जावं लागतं, आणि तिथे पोचल्यावर आपण कोण हे शेजाऱ्यांना कळू द्यायचं नाही. कधी आम्ही बचत गटाच्या बायका झालो, कधी विम्याच्या. मी शाळेतली बाई म्हणून त्या भागात ओळखीची, त्याचा फार उपयोग व्हायचा. “माझा विद्यार्थी राहतो इथं,” म्हटलं की कुणी पुढे विचारत नसे, आणि बऱ्याचदा ते खरंही असायचं.

लोक औषध का सोडतात? बरं वाटायला लागलं म्हणून सोडतात. एक दिवसाची मजुरी बुडते म्हणून सोडतात. कुणी बाबा भुकटी देतो आणि ‘इंग्रजी गोळ्या आधी बंद करा’ म्हणतो. पण यादीतल्या घरांमागून घरं हिंडताना जे कारण सारखं समोर आलं ते फार साधं होतं. गोळ्यांची बाटली ठेवायला घरात जागा नव्हती.

ही बाटली पांढऱ्या प्लास्टिकची, तीस गोळ्यांची. रोज एक गोळी, शक्यतो ठरलेल्या वेळी. एकत्र कुटुंबात, दोन खोल्यांच्या घरात, जिथे सुनेचं स्वतःचं म्हणावं असं एक ट्रंक सोडून काही नसतं आणि त्या ट्रंकेलाही सासू हात घालू शकते, तिथे ती कुठे ठेवायची? मी बघितलेल्या जागा: तांदळाच्या डब्यात खाली, शिवणयंत्राच्या खणात, शिकेकाईच्या पत्र्याच्या डब्यात, म्हशीच्या गोठ्यातल्या कोनाड्यात. लेबल ओल्या फडक्यानं घासून काढलेलं. बाटली हलली की गोळ्या वाजतात, म्हणून आत कापूस कोंबलेला. गोठ्यात ठेवणाऱ्या एका पोरीच्या गोळ्या ओलीनं खराब झाल्या, तिनं त्या फेकल्या आणि नव्या आणायला जायचं तर घरात काय सांगायचं ते सुचेना, म्हणून राहिलं ते राहिलंच. केंद्रातल्या नोंदीत तिच्या नावापुढे ‘औषध नियमित घेत नाही’ असं लागलं होतं. नोंद खोटी नव्हती. त्या पोरीची काळजी मात्र नोंदीत कुठेच दिसत नव्हती.

यावर उपाय घराघराचे वेगळे निघतात, आणि ते शोधणं हेच स्वयंसेवकाचं खरं काम आहे असं मला वाटतं. एकीनं घरात थायरॉइडची गोळी म्हणून सांगितलं. एकानं बाटली दुकानाच्या गल्ल्यात ठेवली आणि दुकान बंद करताना गोळी घेऊ लागला. मोबाइलला गजर लावायचा, त्याला नाव द्यायचं ‘दूध’. गोठ्यावाल्या पोरीला आम्ही डाळीच्या डब्यांसारखाच एक घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा दिला. गोळ्या बाहेर न काढता बाटलीच आख्खी त्यात ठेवायची, म्हणजे गोळ्यांना ओल लागत नाही आणि डबा मांडणीत उठून दिसत नाही. ती आजही नियमित आहे.

ताईंना हे सगळं तोंडपाठ, कारण त्या स्वतः यातून गेलेल्या. भारत सरकारनं १ एप्रिल २००४ पासून मोफत औषध सुरू केलं. त्यांचे मालक त्याआधीच गेले. तेव्हा खाजगीत ही औषधं परवडायची नाहीत, शेत विकून काही महिने घेतली आणि थांबवली. ताईंची सीडी-४ संख्या २०० च्या खाली गेली तेव्हा त्यांना औषध मिळालं. त्या काळी नियमच तसा होता, आधी खालावायचं आणि मग गोळी. ती मर्यादा पुढे ३५० झाली, ५०० झाली, आणि २०१७ पासून तपासणी पॉझिटिव्ह आली की सीडी-४ कितीही असो, लगेच उपचार. सुरुवातीच्या मिश्रणात स्टॅव्हुडिन असायचं, त्यानं गालांवरची चरबी झडायची. ताई सांगतात, “बाजारात दोघी समोरासमोर आलो की गाल बघून एकमेकींना ओळखायचो आणि मान फिरवून निघून जायचो.” आता टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅविर हे तीन घटक एकाच गोळीत असतात आणि चेहऱ्यावर काही दिसत नाही. लोकांना हा बदल माहीतच नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे अजून नव्वदच्या दशकातली कवटीची भित्तिचित्रं आहेत. त्या प्रचारानं माणसं सावध झाली असतील थोडीफार, पण तपासणीला येणारी माणसं त्यानं पळवली, असं मला मनापासून वाटतं. तपासून मरणच कळणार असेल तर कोण तपासायला जाईल?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि एसटी थांबली. केंद्रावर पोचायचं कसं? औषध एका दिवसानंही चुकू नये असं आपणच वर्षानुवर्षं सांगत आलेलो. तेव्हा नॅकोनं दोन-तीन महिन्यांची औषधं एकदम द्यायची आणि स्वयंसेवकांमार्फत पोचवायची मुभा दिली. पास काढून आम्ही केंद्रातून सही करून बाटल्या घ्यायचो, साध्या खाकी पाकिटात घालायचो आणि निघायचो. खरी अडचण पुढेच होती. गावाच्या वेशीवर काठ्या आडव्या टाकलेल्या, शहरातून आलेल्या प्रत्येकाची चौकशी. ज्याच्यासाठी औषध घेऊन आलो तोच फोनवर काकुळतीला आलेला, “बाई, दारात नका येऊ, गाव विचारंल.” मग भेटायच्या जागा ठरल्या. दूध संकलन केंद्रामागे, शाळेच्या बंद फाटकाशी, कालव्याच्या मोरीवर. एक जण आख्खा उसाचा फड तुडवत कालव्यापर्यंत यायचा, अंगावर पाल्यानं ओरखडे. तोंडाला सगळ्यांनीच रुमाल बांधलेला, त्यामुळे उलट एक गोष्ट सोपी झाली होती. एरवी ओळखीचं कुणी दिसेल म्हणून दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रात नाव लावणारी माणसंसुद्धा त्या दिवसांत जवळच्या ठिकाणी येऊन औषध घेऊन गेली.

त्या काळात एका पोलीस हवालदारानं आम्हाला अडवून पाकीट उघडायला सांगितलं. ताईंनी पासवरचा जिल्हा रुग्णालयाचा शिक्का दाखवला आणि म्हणाल्या, “साहेब, पाकीट उघडलं तर मला वरिष्ठांना कळवावं लागंल. कायदा आहे.” त्यांनी सोडलं. कायदा खरोखरच आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय तपासणी करायची नाही, कुणाची स्थिती उघड करायची नाही, नोकरीत, शाळेत, दवाखान्यात, भाड्याच्या घरात भेदभाव करायचा नाही, आणि घरातून हाकलायचं नाही, असं तो सांगतो. आमच्या पिशवीत त्याच्या मराठी पानांच्या झेरॉक्स कायम असतात.

त्या झेरॉक्सचा उपयोग दवाखान्यांत जास्त होतो. एका खाजगी रुग्णालयात आमच्या एका रुग्णाच्या खाटेला लटकवलेल्या फाइलवर लाल शाईनं मोठ्या अक्षरात ‘एचआयव्ही’ लिहिलं होतं. येणारे-जाणारे पाहुणे वाचत होते, शेजारच्या खाटेवरच्यानं खाट बदलून मागितली. समुपदेशक आणि मी डॉक्टरांना जाऊन भेटलो. भांडायला गेलो नव्हतो. सुरक्षेची काळजी प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत सारखीच घ्यायची असते, कारण तपासणी न झालेला रुग्णही पॉझिटिव्ह असू शकतो, एवढंच सांगितलं. सुई टोचली गेलीच तर ७२ तासांच्या आत, खरं तर शक्य तितक्या लवकर, प्रतिबंधक औषध सुरू करून २८ दिवस घ्यायचं असतं, हे तिथल्या सिस्टरांपैकी अनेकींना माहीत नव्हतं. त्यांची भीतीही खरी होती आणि त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. संध्याकाळी फाइलचं कव्हर बदललं. मग सिस्टरांसाठी एक बैठकच घेतली, आणि तिथे आलेले प्रश्न कॉलेजातल्या पोरांच्या प्रश्नांहून फार वेगळे नव्हते.

विधवांच्या बाबतीत वैद्यकीय भाग लवकर उरकतो आणि तलाठी कार्यालयाचा भाग लांबतो. नवरा गेला, सासरच्यांनी सुनेलाच दोष दिला, माहेरी धाडलं, आणि सातबाऱ्यावर तिचं नाव लावायचा विषय कुणी काढत नाही. मृत्यूचा दाखला, वारस नोंदीचा अर्ज, संजय गांधी निराधार योजनेचे कागद, मुलांसाठी बालसंगोपन. या कामाला निवृत्त शिक्षक फार उपयोगी पडतो, कारण अर्ज कसा लिहायचा आणि साहेबाच्या टेबलापुढे किती वेळ चिकाटीनं उभं राहायचं, हे त्याला येतं. कोणी विचारलं की मला वैद्यकातलं काही येत नाही, मी काय करू, तर मी हेच सांगते. तलाठ्याकडे सोबत या.

एका घरातली गोष्ट मात्र थोडी सविस्तर सांगते. गरोदरपणातल्या नेहमीच्या तपासणीत एका तरुण मुलीचा रिपोर्ट आला. आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, तीन वेगवेगळ्या किटवर तपासून खात्री करतात, तिन्हींवर आला. नवऱ्याची तपासणी केली, तो निगेटिव्ह. आता घरात तो ‘झाला कसा?’ प्रश्न येणारच होता, आणि आला. सासूनं विचारला, दिरानं विचारला, तिच्या आईनंसुद्धा विचारला. त्या मुलीला स्वतःलाच माहीत नव्हतं. तिला स्वतःच्या जन्माच्या वेळचं, लहानपणच्या आजारपणांचं काहीच कुणी सांगितलेलं नव्हतं. नवरा समुपदेशकापुढे बराच वेळ गप्प बसला. मग त्यानं एकच विचारलं, “बाळाला होईल का?”

त्या प्रश्नाला आज चांगलं उत्तर आहे. काहीच उपाय केले नाहीत तर आईकडून बाळाला संसर्ग होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्क्यांपर्यंत असतं. आईनं नियमित गोळ्या घेतल्या, बाळाला जन्मल्यावर नेव्हिरॅपिनचं औषध दिलं, तर ते पाच टक्क्यांच्याही खाली आणता येतं. तिनं गोळ्या त्याच आठवड्यात सुरू केल्या. आशाताई लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या देत होत्या. त्या आणि ही गोळी उपाशीपोटी एकदम घ्यायच्या नाहीत, मध्ये काही तास जाऊ द्यायचे, हे तिला कागदावर सूर्य-चंद्राची चित्रं काढून दिलं. बाळंतपण सरकारी रुग्णालयात झालं. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, कारण दोन्ही मिसळून दिलं की धोका वाढतो. इथे सासू आडवी आली, तिला मध चाटवायचा होता, घुटी द्यायची होती. नवऱ्यानं तिला सांगितलं की डॉक्टरांनी सगळ्याच बाळांना तसं सांगितलंय, आणि ते खरंच आहे. सहाव्या आठवड्यात टाचेतलं रक्त कागदावर घेऊन तपासायला पाठवलं, मग सहाव्या महिन्यात, मग वर्षाचं झाल्यावर. शेवटची तपासणी दीड वर्षांची. ती निगेटिव्ह आली त्या दिवशी नवऱ्यानं मला फोन केला आणि बोलताच आलं नाही त्याला. मी ऐकत राहिले. घरात मागे पोर कशावर तरी ताटली आपटत होतं.

नवरा अजून निगेटिव्ह आहे आणि राहील. विषाणूंची रक्तातली मोजणी सतत इतकी खाली राहिली की चाचणीत सापडत नाही, तर अशा माणसाकडून जोडीदाराला लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. मोठ्या अभ्यासांतून हे पक्कं झालेलं आहे. मी ते सभेत मोठ्यानं सांगते, दोनदा सांगते. या एका वाक्यानं जोडपी एकत्र राहिलेली मी बघितली आहेत.

कॉलेजात रेड रिबन क्लबच्या, म्हणजे एचआयव्हीबद्दल जागृती करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गटाच्या, कार्यक्रमाला बोलावतात ते बहुधा १ डिसेंबरला. मी एक अट घालते: माझ्या व्याख्यानाच्या आधी चिठ्ठ्यांची पेटी फिरवायची आणि उत्तरं द्यायच्या वेळी प्राध्यापकांनी बाहेर थांबायचं. चिठ्ठीत नाव लिहायचं नाही. मग काय काय येतं! जत्रेत गोंदवून घेतलं, त्याच सुईनं आधी दुसऱ्याला गोंदवलं होतं, तपासू का? एक कंडोम दोनदा धुऊन चालतो का? मला मुलगे आवडतात, मला धोका जास्त आहे का? लग्न ठरलंय, मुलीला तपासणी करायला कसं सांगू? न्हाव्याच्या वस्तऱ्यानं होतो का? सगळ्यांना सरळ उत्तरं द्यायची. तपासा, सरकारी आयसीटीसीत मोफत होतं आणि नाव गुप्त राहतं. धोका घडल्यावर लगेचची तपासणी पुरेशी नसते, तीन महिन्यांनी परत करा. कंडोम एकदाच. मुलगे आवडत असतील तर त्यात आजार काहीच नाही, गुन्हाही नाही. गुदमार्गातून संसर्गाचा धोका जास्त असतो म्हणून कंडोम आणि वंगण वापरा, नियमित तपासा. लग्नाआधी दोघांनी मिळून तपासा, एकट्या मुलीला पाठवू नका. वस्तऱ्यानं एचआयव्ही झाल्याची भीती बाळगायचं कारण नाही, नवं पातं मात्र मागा. आणि ज्याला समोर विचारायचं धाडस नाही त्यानं १०९७ वर फोन करा, तो मोफत आहे. व्याख्यान पोरं विसरतात. चिठ्ठीचं उत्तर विसरत नाहीत, कारण ती चिठ्ठी कुणाचीतरी असते आणि सगळ्यांना ठाऊक असतं की ती इथेच बसलेल्या कुणाची तरी आहे.

लहानपणापासून औषध घेत मोठी झालेली मुलं आता वीस-पंचविशीत आहेत. काही आपल्या आजी-आजोबांकडे वाढली, काही पंढरपूरच्या ‘पालवी’सारख्या, हासेगावच्या ‘सेवालय’सारख्या ठिकाणी. त्यांचे प्रश्न आमच्या पिढीला सुचलेच नव्हते. एक मुलगा आयटीआय करून कारखान्यात लागला. त्यानं विचारलं, भरतीच्या वेळी सांगावं लागतं का? नाही लागत, आणि नोकरीसाठी एचआयव्ही तपासणीची सक्तीही करता येत नाही. एका मुलीला लग्न करायचंय आणि मुलगा मुद्दाम पॉझिटिव्हच शोधायचा, हे तिला नकोय. “मला गोळीच्या वेळेवरनं नवरा नाही निवडायचा,” असं ती म्हणते. तिचं बरोबर आहे.

सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात जवळचं काम म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्यांतलं. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचे पट्टे, म्हणजे गाळपाचे हंगाम, सुरू होतात आणि बीडकडची माणसं कोप्या, म्हणजे पाल्याच्या झोपड्या, घालून उतरतात. पहाटे फडावर जायचं, गाडी भरून रात्री परत. त्यांना भेटायची वेळ म्हणजे रात्री नऊनंतर, चुली पेटलेल्या असताना. पहिल्यांदा मुकादमाला पटवावं लागतं, कारण उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, दिलेली माणसं तपासणीत काहीतरी निघालं म्हणून पळून जातील, ही त्याची धास्ती. मुकादमाला आम्ही सांगितलं, औषध घेणारा माणूस कोयता चालवू शकतो, औषध न घेणारा पुढे चालवू शकणार नाही. हे त्याला पटलं. पटण्यामागचं ते कारण मला आवडलं नाही, पण त्यानं जागा दिली.

पुरुषांपुढे लाकडी प्रतिकृतीवर कंडोम चढवून दाखवायचं काम मी करते. साठी उलटलेली, नऊवारी नाही पण पदर खांद्यावर घेतलेली बाई ते करतेय म्हटल्यावर हसणारे हसतात आणि मग एकदम शांत होतात. टोक चिमटीत धरा, हवा राहू देऊ नका, काढताना बूड धरून काढा. पाकिटात घडी घालून खिशात महिनोन्‌महिने ठेवलेला वापरू नका. सगळ्यात मागे बसलेला एक म्हातारा गाडीवान पुढे आला आणि म्हणाला, “मला काय आता याचं काम न्हाई, पण नातू ट्रकवर हाय. त्याला द्यायला दे.” त्यानं मूठभर नेले.

बायका त्या सभेत बसत नाहीत. त्या लांबून, भाकरी थापता थापता ऐकतात. पुढच्या वेळी त्यांच्यातली एक पाण्याच्या टाकीपाशी माझ्यामागे आली आणि हळूच म्हणाली, “मॅडम, त्यो वापरतच नाही म्हणला तर? म्या काय करावं?” याचं मला पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही. बायकांच्या हातात राहणारी साधनं गावपातळीवर सहज मिळत नाहीत. तिला मी म्हटलं, दोघं मिळून तपासा, गुप्तांगावर फोड किंवा अंगावरून पांढरं जाणं असलं तर लगेच दवाखान्यात या, कारण त्या आजारांनी एचआयव्हीचा धोका वाढतो. तिनं ऐकलं. तिच्या प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं, हे तिलाही कळलं.

टोळीवर बोटातल्या थेंबभर रक्तानं प्राथमिक तपासणी होते. रिॲक्टिव्ह, म्हणजे संसर्गाची शक्यता दाखवणारा, आला तर आयसीटीसीत नेऊन खात्री करायची, त्या दिवसाची मजुरी बुडते तिची सोय संस्थेनं बघायची. पट्टा पडला की माणसं गावाकडे परततात. त्यामुळे औषध सुरू करतानाच त्यांच्या तालुक्याजवळचं केंद्र कुठलं, तिकडे बदलीचा कागद कधी करायचा, हे ठरवून ठेवतो आणि तिकडच्या फील्डवर्करला फोन करून हवाली करतो. बदलीचा कागद हरवला म्हणून वर्षभर औषधाविना राहिलेला माणूस आम्हाला पुढच्या हंगामात सापडला होता, क्षय घेऊन. तेव्हापासून कागदाचा फोटो तिकडे आधी जातो, रुग्णाची परवानगी घेऊन.

यंदाचे कारखाने महिन्याभरात पेटतील. पाण्याच्या टाकीपाशी झालेल्या बोलण्यानंतर आम्ही बायकांची वेळ वेगळी ठेवायचं ठरवलं आहे, रात्री नाही, दुपारी, पावसानं किंवा गाडीची वाट बघत फड थांबतो तेव्हा. वाचता येत नाही त्यांना चिठ्ठ्यांची पेटी उपयोगाची नाही, म्हणून ताई एकेकीशी फडाच्या बांधावर बसून बोलणार आहेत. स्टीलचे डबे मागवले आहेत, छोटे, घट्ट झाकणाचे. कोपीत मांडणी नसते, पण पिठाच्या डब्याशेजारी ते खपून जातात. बीडकडची बोली येणारी, दुपारी मोकळी असणारी एखादी बाई सोबत हवी आहे. कुणाला यायचं असेल तर प्रशिक्षण पुढच्या आठवड्यात आहे. पहिला कागद सहीचा असेल.